भोंग्यावर न उठणारा टाकीवाला

“आपण कुणाच्या भोंग्यावर उठत नाय,” असं कुशाबा म्हणायचा. चहा पिताना म्हणायचा, बिडी शिलगावताना म्हणायचा, नळावरच्या रांगेत कुणी पुढं सरक म्हटलं तरी म्हणायचा. आणि म्हणताना समोरच्याकडं असं बघायचा, जसा काही तो गळ्यात दावं घेऊनच जन्माला आलाय.

समोर बहुतेक वेळा गिरणीतलाच कुणीतरी असायचा. काळाचौकीच्या त्या चाळीत दुसरं असणार तरी कोण? पहाटेचा भोंगा झाला, की चाळ अंग झटकून उठायची. स्टो भडकायचे, बादल्या आदळायच्या, कुणाच्या तरी खोलीतून खोकल्याची उबळ यायची, आणि बघता बघता जिन्यावरून चपलांचा लोंढा खाली वाहत जायचा. कुशाबा तेवढा चादर डोक्यावर ओढून दुसऱ्या कुशीला वळायचा. त्याची बायको दुर्गा मात्र उठायची, कारण ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. भोंग्यावर उठलेली ही बाई भोंग्यावर न उठणाऱ्या नवऱ्याच्या उशाशी चहा झाकून ठेवायची आणि पदर खोचून पाळीला जायची. उन्हं गॅलरीत उतरली, की कुशाबा उठायचा, तिच्या पगाराच्या साखरेचा तो गार चहा घोटाघोटानं प्यायचा, आणि शेजारच्या भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, “आपण कुणाच्या भोंग्यावर उठत नाय.”

तो जातीचा पाथरवट. माण खोऱ्यातला. दगडाला टाकी लावायचा धंदा, म्हणजे जातं, पाटा, वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत झाला, की छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा बारीक टाके पाडायचे. दगडाला जणू पुन्हा दात आणायचे. त्याचा बाप या धंद्यात मोठा माणूस होता. सुगी संपली, की खांद्याला पिशवी लावून गावोगाव फिरायचा, आणि तो शिवेवर आला, की बायका आपापली जाती अंगणात ओढायच्या. कुशाबाला बापाकडून पिशवी मिळाली, टाकी मिळाली, हातोडी मिळाली. बापाचा मान मात्र त्यानं न मिळताच अंगावर घातला. बापाचा सदरा पोरानं घालावा आणि बाह्या हाताच्या खाली लोंबाव्यात, तसा तो मान त्याच्या अंगावर लोंबत असायचा. त्याला सोडून सगळ्यांना ते दिसायचं.

तरण्या वयात तो मुंबईला आला. भावकीतले सगळे गिरणीत चिकटले. हा चिकटला नाही. “आमचा हात दगडाचा. सुताला लागला तर सूत तुटंल,” म्हणाला. लालबाग, परळ, भोईवाडा अशा गल्ल्यांतून “टाकीऽऽ लावायची का टाकीऽऽ” ओरडत फिरू लागला. मुंबईत जातं कोण वापरतंय? दळण गल्लीतल्या चक्कीवर जायचं. उरला पाटा. माळव्याचं, मच्छीचं, मटणाचं वाटण पाट्यावर. मिरची आणि खोबरं घसरू नये म्हणून पाट्याला टाका खोल लागतो, हात जोरात पडावा लागतो. वीसेक वर्षं कुशाबा पाट्यांवर जोरात हात मारत राहिला. आठवड्यात दोन दिवस फिरायचा, बाकीचे दिवस गॅलरीत बसून कामावर जाणाऱ्यांना नावं ठेवायचा.

दुर्गा लग्न होऊन आली, तेव्हा तिला त्याच्या टाकीचा आवाज आवडायचा. खोटं कशाला बोला. चैत्रातल्या दुपारी कुठल्याशा खोलीच्या दारात बसून तो टाकी लावायचा आणि तो टिकटिक आवाज जिन्यातून वर यायचा, तेव्हा तिला माहेरचं अंगण आठवायचं. पण माणूस नुसता आवाजावर जगत नाही. वर्षं गेली, मुलगी मोठी झाली, गावाकडं दिली, तिच्या लग्नाचं सगळं दुर्गाच्या हातांनी उभं केलं, आणि मांडवात कुशाबा पाव्हण्यांना सांगत होता, “आपण कुणाच्या भोंग्यावर उठत नाय.” त्या दिवसापासून दुर्गानं त्याच्या बोलण्याकडं लक्ष देणं सोडलं. ताटात आलेला खडा बाजूला काढून जेवण चालू ठेवावं, तशी ती राहू लागली.

मग संप आला. ब्याऐंशी सालचा जानेवारी. भोंगा बंद झाला.

जे भोंग्याला शिव्या घालत उठायचे, तेच आता अंधारात डोळे उघडे ठेवून पडू लागले. वाटायचं, आता होईल, आता होईल. होत नसे. पहिले दिवस सभा, मोर्चे, घोषणा यांत गेले. मग होळी गेली, पाडवा गेला, आणि घराघरातली भांडी एकेक करून मोडीच्या दुकानात निघाली. निम्मी चाळ पोराबाळांना घेऊन गावाला गेली. राहिलेल्यांनी मिळेल ते केलं. कुणी भाजी विकली, कुणी हमाली केली. पूर्वी विणकर असलेले, चाळीतल्या संप समितीचे म्हातारे तात्या दादरच्या फुलबाजारात हार ओवायला बसू लागले.

आणि त्या दिवसांत कुशाबाचं नशीब फुललं. चाळीच्या दुःखावर फुलणारं एकच झाड होतं ते. वाटलेला तयार मसाला बंद झाला, म्हणून अडगळीतले पाटे बाहेर आले. चक्कीवर टाकायला पैसे नाहीत, म्हणून खाटेखाली पडलेली, कुंड्या ठेवायला वापरलेली, गावाहून आणून विसरलेली लहान जाती बाहेर आली. बायका कुशाबाला हाका मारू लागल्या. पूर्वी त्या “ओ टाकीवाले” म्हणायच्या, आता “कुशाबादादा” म्हणू लागल्या. कुशाबा दारात बसायचा, पाय पसरायचा, आधी चहा मागायचा. चहात दूध नसलं, की कपाकडं बघून म्हणायचा, “झाला का संप करून? मी सांगत नव्हतो? दुसऱ्याच्या भोंग्यावर नाचायचं, मग भोंगा बंद झाला की रडायचं.” बायका मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. दगड त्यांचा होता, गरज त्यांची होती.

मालवणच्या मीराबाईनं मात्र एकदा तोंडावर सुनावलं. “कुशाबा, तुझी टाकी थोडी नि तोंड जास्त चालता रे. त्या तोंडान पाटो घासलंस, तर टाकीची गरजच लागाची नाय.”

गॅलरीभर हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी चाळ हसली. कुशाबा लाल झाला, पण उठून गेला नाही, कारण कपात चहा शिल्लक होता.

कौसल्याकडंही एक जातं होतं. कौसल्या दुर्गाच्याच खात्यातली, एका बाकावर बसून डबा खाणारी. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर तिच्या खोलीत दारासमोरच होती. तिचं जातं तिच्या सासूनं डोक्यावरून मुंबईला आणलेलं. कुशाबानं त्याला टाकी लावली, वरची तळी खालच्या तळीवर बसवली आणि पिशवी आवरली.

इथं एक रीत सांगायला पाहिजे, कारण ही गोष्ट तिच्यावरच उभी आहे. पाटा धुतला की झाला, पण जात्याचं तसं नाही. नव्या टाकीच्या जात्यातून दगडाची कच येते. म्हणून पहिली मूठ दळून फेकायची, आणि मग जे पीठ येईल, त्याची भाकरी टाकीवाल्यानं स्वतः, त्याच दारात बसून खायची. दाताखाली कचकच आली नाही, तर त्याचं काम खरं. आली, तर त्यानं मुकाट्यानं पिशवी उघडायची आणि पुन्हा बसायचं. कुशाबाचा बाप असा प्रत्येक दारात पहिली भाकरी खायचा, नुसती, कोरड्यासाशिवाय, डोळे मिटून. कुशाबा ही रीत साऱ्या चाळीला सांगायचा. “आमच्या धंद्याची गॅरंटी कागदावर नसते. दातात असते.”

कौसल्यानं भाकरी थापली, ताटलीत घालून उंबऱ्यापाशी आणली. कुशाबानं ताटलीकडं पाहिलं, तिच्यामागच्या तसबिरीकडं पाहिलं, आणि पिशवी खांद्याला अडकवत म्हणाला, “माझं पोट भरलंय.”

तो गेला. कौसल्या ताटली हातात घेऊन दारात उभी राहिली. समोरून येणाऱ्या दुर्गानं ते पाहिलं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनाही ते पोट कशानं भरलं होतं ते कळलं. दुर्गाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिनं पुढं होऊन ताटलीतला तुकडा मोडला आणि तोंडात घातला. कच्‌ आवाज आला. वाळूतून चालल्यासारखा.

“तू रोज हेच खातेस?” दोन-चार दिवसांनी दुर्गानं विचारलं.

“चाळून घेते,” कौसल्या म्हणाली. “सगळं जात नाही. तुला म्हणून सांगते दुर्गाताई, त्यांचा हात जात्याचा नाही राहिला. पाट्याचा झालाय.”

“मग त्यांना सांगायचंस.”

“तुझा संसार आहे,” कौसल्या म्हणाली आणि विषय बदलला.

एप्रिलच्या शेवटाला गावाकडून ज्वारीची पोती आली. शेतकऱ्यांनी संपवाल्यांसाठी गोळा केलेली. चाळीच्या वाट्याला आलेली पोती तात्यांच्या खोलीत रचली. तात्यांची इच्छा अशी, की घरोघर वाटणी करत बसायचं नाही, खाली अंगणात एकच चूल मांडायची आणि सगळ्यांनी एका भाकरीत जेवायचं. दळायचं कुठं? नळापाशी एक भलं मोठं जातं पडलं होतं. कधीकाळी तिथं असलेल्या कुणा भुसाऱ्याचं. दोन बायकांनी समोरासमोर बसून ओढायचं. वरच्या तळीवर पोरं पाय धुवायची आणि बायका कपडे आपटायच्या. ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की त्यात तोंड दिसावं.

बायकांची बैठक बसली. मीराबाई म्हणाली, “जातां चांगला आसा, पण टाकी कोण लावतलो? हिचो घोव? तेका आपला तोंड धुवूक येळ नाय.”

सगळ्यांचे डोळे दुर्गाकडं वळले. चाळीत एकच घर असं होतं, जिथला पुरुष संपात नव्हता. तोंडावर कुणी बोलत नसे, पण त्या घराचं वजन किती, हा प्रश्न हवेत असायचाच. दुर्गाला तो रोज जाणवायचा.

“लावतील,” ती म्हणाली. “नीट लावतील. माझा शब्द.”

आयुष्यात तिनं कुणाला शब्द दिला नव्हता. देण्यासारखं तिच्याकडं दुसरं काही उरलंही नव्हतं.

घरी येऊन तिनं कुशाबाला सांगितलं. कुशाबा खाटेवर आडवा होता.

“आता आली का आठवण?” तो छताकडं बघत म्हणाला. “युनियनला सांग की टाकी लावायला. एवढे पुढारी हायत.”

“अवो, ती ज्वारी तुमच्याबी पोटात जाणार हाय.”

“तात्या स्वतः येऊन म्हणू दे. मग बघू.”

तात्या आले. हातातल्या फुलांचा वास अजून गेला नव्हता. म्हणाले, “कुशाबा, चाळीचं काम आहे. ये बाबा.” कुशाबानं त्यांना बराच वेळ उभं ठेवलं, मग येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगणात जत्रा भरली. बायका, पोरं, जिन्यात बसलेले बाप्ये. एवढे डोळे कुशाबावर आयुष्यात पहिल्यांदाच पडत होते आणि ते त्याला चढले. बापाच्या हाताची जाती दळताना बोलायची नाहीत, म्हणजे कचकचायची नाहीत. बाप म्हणायचा, जात्यावर टाकी टेकवायची, मारायची नाही. पण टेकवलेल्या टाकीचा आवाज जिन्यापर्यंत जात नाही. कुशाबानं हातोडी उचलली ती खांद्यापर्यंत. ठण्‌ ठण्‌ ठण्‌. कपच्या उडाल्या, ठिणग्या उडाल्या, पोरांनी टाळ्या पिटल्या. “बघा,” तो म्हणाला, “याला कारागिरी म्हणतात. साच्यापुढं उभं राहून धागे जोडणं नव्हं.”

दुर्गानं तो आवाज ऐकला. लग्नानंतर जिन्यातून वर यायची, ती टिकटिक नव्हती ही. हा पाट्याचा घाव होता. ती जवळ गेली, पाण्याचा तांब्या ठेवण्याच्या निमित्तानं वाकली आणि हळूच म्हणाली, “जरा हलक्या हातानं. जातं हाय हे.”

“आता तू शिकव मला!” कुशाबा सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. “बॉबिनं भरणारी बाई पाथरवटाला शिकवती. ऐका!”

काही बाप्ये हसले. दुर्गा मागं सरली. पदर तोंडाला लावून उभी राहिली. त्या क्षणापर्यंत तिला त्याची चीड होती, कधी कीवही होती. आता यातलं काहीच उरलं नाही. भांड्याला कल्हई लावावी आणि आतलं तांबं दिसेनासं व्हावं, तसं तिच्या आत सगळं पांढरं, गार होऊन गेलं.

काम झालं. तळी बसली. मीराबाई आणि दुर्गा समोरासमोर बसल्या, पहिली मूठ दळली, फेकली. मग पीठ उतरलं. दिसायला पांढरं, मऊ. तात्या म्हणाले, “कुशाबा, तुझी रीत आहे ना. पहिली भाकरी तुझी.”

“हायच,” कुशाबा मांडी घालत म्हणाला. “आणा.”

“कोण करता?” मीराबाईनं विचारलं.

“कौसल्या,” दुर्गा म्हणाली.

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कौसल्याचा हात भाकरीला चांगला होता. फक्त कौसल्यानं एकदा दुर्गाकडं पाहिलं, आणि कुशाबानं एकदा. अंगणातल्या चुलीवर कौसल्यानं परात ओढली, पीठ मळलं, थापलं. भाकरी फुगली. तिनं ती ताटलीत घालून कुशाबासमोर ठेवली. वाफ वर येत होती. भोवती बसलेल्या पोरांच्या नाकपुड्या हलत होत्या.

कुशाबा भाकरीकडं बघत राहिला. अंगण थांबलं होतं. मग त्यानं ताटली बोटानं जराशी पुढं सरकवली.

“माझं पोट भरलंय,” तो म्हणाला.

संपाच्या त्या दिवसांत अख्ख्या गिरणगावात पोट भरलेला माणूस हा एकच.

सगळं अंगण समजलं. जिन्यातल्या बाप्यांनी माना वळवल्या. कौसल्या चुलीपाशी तशीच बसून होती, हात पिठानं माखलेले. दुर्गा पुढं आली, ताटलीशेजारी बसली, टाकीवाल्याच्या रीतीनं, कोरड्यासाशिवाय. तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर चावला. कचकच एवढी मोठी, की पहिल्या मजल्यावर ऐकू गेली असेल. तिनं घास गिळला नाही, थुंकलाही नाही. चावत राहिली. मग म्हणाली, “कच हाय. पुन्हा टाकी लावा.”

“टाकीला दोष देऊ नको,” कुशाबा उठत म्हणाला. “थापणारा हात कसला हाय ते बघ आधी.”

“कुशाबादादा,” कौसल्या बसल्या जागेवरून म्हणाली, आवाज जराही न चढवता, “माझा हात पिठात होता. खडा तुमच्या दगडातला आहे.”

“पिशवी उघड, कुशाबा,” तात्या म्हणाले. “रीत तूच सांगतोस.”

“माझ्या टाकीवर टाकी पडत नाय!” कुशाबा म्हणाला, पिशवी आवळली, आणि जिना चढून वर गेला. गॅलरीत जाऊन बसला. बिडी पेटवली.

खाली बायका जात्याभोवती गोळा झाल्या. मग मीराबाई म्हणाली, “कोंडो हाडा.” कोंडा आला, भुसा आला, गोदीतून कुणीतरी जाड मीठ आणलं. बायकांनी पदर बांधले आणि दोघी-दोघींनी ते जातं नुसतं ओढायला सुरुवात केली. कोंडा दळायचा, फेकायचा, पुन्हा कोंडा. खोल टाक्यांच्या कडा झिजाव्यात म्हणून. कुशाबाच्या एका दुपारच्या मिजाशीला झिजवायला चाळीतल्या बायकांचे हात कितीतरी दिवस लागले. ओढता ओढता ओव्या म्हटल्या, संपाच्या, मालकांना शिव्या देणाऱ्या, आणि एक-दोन ओव्या अशाही, ज्या वर गॅलरीत बसलेल्याला उद्देशून होत्या. तो ऐकत नाही असं दाखवून ऐकत होता.

तोवरची भाकरी कचकचीत होती. सगळ्यांनी ती खाल्ली. दुर्गा तीच भाकरी घरी आणून कुशाबाच्या ताटात वाढायची. बोलायची नाही. समोर बसून ऐकायची. पहिल्या दिवशी एक कच्‌ आवाज आला, आणि कुशाबाचा जबडा जागच्या जागी थांबला. त्यानंतर तो चावेनासाच झाला. घास पाण्याबरोबर गिळायचा. स्वतःच्या हाताची चूक दाताखाली येऊ नये म्हणून माणूस जेवण औषधासारखं घशाखाली ढकलत होता, आणि ते पाहून दुर्गाला हसूही येत नसे.

मग कुणी त्याच्याकडं दगड आणला नाही. भांडण नाही, बोलाचाली नाही. फक्त कुणी आणला नाही. “टाकीऽऽ” ओरडत तो भोईवाड्यापर्यंत जायचा आणि पिशवी न उघडता परत यायचा. या गल्ल्यांत बातमी माणसाच्या आधी पोचते.

पावसाळा गेला, दिवाळी पणत्यांशिवाय गेली. आणि मग कुणी कुणाला सांगत नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं, की गिरणी आतून सुरू करतायत. संपातला माणूस नको, बाहेरचा, नवा पाहिजे. एक मुकादम संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी पानाच्या गादीपाशी उभा राहायचा. कुशाबा त्याच्याशी बोलताना दिसला. दुर्गाला ते मीराबाईनं सांगितलं, आणि सांगताना या वेळी ती हसली नाही.

“खरं हाय का?” दुर्गानं घरी विचारलं.

“त्यांना कारागीर माणूस पायजे,” कुशाबा म्हणाला. “मुकादम म्हणाला, तुमच्यासारखा हात गिरणीत नाय.”

“कुठलं काम?”

कुशाबानं बिडीची राख झटकली. “कापसाच्या गाठी ओढायचं. सुरुवातीला.”

दुर्गा त्याच्याकडं बघत राहिली. आयुष्यभर ज्या माणसानं गिरणीत राबणाऱ्यांना बैल म्हटलं, तो आता बैलाचंच काम करायला निघाला होता, आणि त्यातही मानाची जागा शोधत होता. तिला एकदम जाणवलं, की तिच्याजवळ जे एकुलतं एक होतं, चाळीला दिलेला शब्द, तेही हा घेऊन जाणार. जात्याचा शब्द त्यानं मोडला, तो बायकांनी ओढून ओढून सांधला. आता घरातूनच संप फुटला, तर तो शब्द कुणी सांधणार नव्हतं. संप फोडणाऱ्याचं घर म्हणतील, आणि बरोबर म्हणतील.

“तुम्ही गेलात,” ती म्हणाली, “तर मी या घरातली राहणार नाय. मी खाली जात्यापाशी बसते. सगळ्यांनी बघावं, मी कुठं बसलेय आणि तुम्ही कुठं चाललायत.”

“बस की,” कुशाबा म्हणाला. “भुकेनं उठशील.”

सकाळी, उजाडता उजाडता, भोंगा झाला.

किती महिन्यांनी. पहिल्यांदा कुणाला विश्वासच बसला नाही. मग खोलीखोलीतून माणसं गॅलरीत आली, उभी राहिली, आणि कुणीही जिना उतरलं नाही. त्या आवाजावर हलायला शिकलेली शरीरं त्या दिवशी हलली नाहीत. हाताचे पंजे कठड्यावर आवळलेले, पाय जमिनीत रोवलेले.

एकटा कुशाबा उतरला. तो भोंग्याच्या आधीच उठला होता. दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. टाकीची पिशवी खाटेखाली राहिली होती.

खाली अंगणात दुर्गा आणि कौसल्या जात्यापाशी समोरासमोर बसल्या होत्या. दोघींचे हात एका खुंट्यावर होते. जातं आता बोलत नव्हतं, नुसतं घरघरत होतं, पीठ मऊ उतरत होतं. कुशाबा त्यांच्यासमोरून गेला. त्याला बाजूनं जाता आलं असतं, पण अंगणाला वाट एकच.

“कुशाबा,” वरच्या गॅलरीतून मीराबाईनं हाक मारली, “रे, भोंगो झालो!”

कुणी हसलं नाही. कुशाबानं मान वर केली नाही. गेटापाशी त्याचे पाय जरा अडखळले. मुकादम तिथं उभा होता, हातानं लवकर लवकर अशी खूण करत होता. कुशाबानं पावलं उचलली, मग भराभर उचलली, आणि कोपऱ्यावर वळताना तो जवळजवळ पळतच होता, उशीर झालेल्या कुठल्याही गिरणीवाल्यासारखा.

दुर्गानं त्याला वळणापर्यंत पाहिलं. मग डाव्या हातानं सुपातली ज्वारीची मूठ घेतली, जात्याच्या तोंडात सोडली, आणि कौसल्याला म्हणाली, “ओढ.”